फुलात पाय नको

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी मी अंगणातल्या हौदापाशी बसून सोयाबीनच्या दोन झाडांची मुळं धूत होते. एक झाड माझ्या रानातलं, दुसरं माझ्या बहिणीच्या. मुळांची माती सुटत होती आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

आमच्या घरची ही जुनी रीत. महालक्ष्म्या उभ्या केल्या की घरच्या प्रत्येक सुनेच्या रानातलं एकेक झाड मुळासकट उपटून आणायचं, देवीपुढं चिखल नको म्हणून मुळं स्वच्छ धुवायची आणि दोघींच्या पायाशी ठेवायची. धुवायचं काम मोठ्या सुनेचं, म्हणजे माझं. कौतुक कुणाचं करायचं ते रीतीत कुठंच सांगितलेलं नव्हतं, पण ते व्हायचं धाकटीचंच.

माझं झाड पिवळसर पडलं होतं. बुडाची पानं गळालेली, वरची फिक्कट. शेंगा होत्या अंगावर, नाही असं नाही, पण झाडाची रया गेलेली. बहिणीचं, अयोध्याचं झाड मात्र माझ्या ओंजळीत मावत नव्हतं. हिरवंगार, पानावर पान. त्याला अजून शेंग धरली नव्हती, पण सगळा गाव म्हणत होता की उशिरा येतंय म्हणजे भारंभार येणार. मलाही तसंच वाटत होतं. एकाच पोत्यातलं बियाणं, एकाच दिवशी पेरलेलं. आणि माझं म्हातारं झालं, तिचं अजून वयात यायचंय. हे बघून कुणाला बरं वाटेल?

त्यात मला थोडी विद्या आलेली. त्या पावसाळ्यात गावात बायकांची शेतीशाळा भरायची, कृषी खात्याच्या बिडवे मॅडम शिकवायला यायच्या. सोयाबीनच्या मुळाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, त्यात जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र धरून झाडाला खत करून देतात, आणि झाड त्यांना त्या बदल्यात साखर खाऊ घालतं, हे मॅडमनी पहिल्या वर्गात सांगितलं होतं. गाठ नखानं फोडून बघायची. आत लाल निघाली तर कामाची. म्हणून मी हौदापाशी हळूच माझ्या झाडाची एक गाठ फोडली. आत शेवाळी, पिचपिचीत. दुसरी फोडली, ती तपकिरी आणि पोकळ. मग इकडंतिकडं बघून तिच्या झाडाची एक फोडली. लालभडक. म्हणलं, घ्या. म्हणजे मातीच्या आतसुद्धा ही माझ्या पुढं.

अयोध्या माझी सख्खी बहीण. आणि सख्खी जाऊसुद्धा, कारण तिला या घरात मीच आणली. दिराला पोरगी बघायची होती तेव्हा मीच सासूच्या कानी लागले की माझी बहीण गरीब स्वभावाची आहे, घर फुटायचं नाही. ती आली आणि पहिल्याच सणाला सासू म्हणाली, "मुद्रिकाबाई, ही आधी का नाही सापडली आम्हाला?" सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या जिवात रुतलं ते रुतलंच.

माहेरीही हेच होतं. मी मोठी. नवं कापड आलं की आई म्हणायची, धाकटीला होऊ दे, मोठीचं निभतं. जत्रेला एकीलाच न्यायचं असलं तरी मोठीचं निभतं. मी लहानपणापासून निभत आले आहे, आणि निभणाऱ्या माणसाकडं कुणी वळून बघत नाही.

आता जे सांगते त्यात पणाला काय होतं ते आधी सांगते. सासरे गेल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. दोघांना कोरडवाहू रान आलं, मधे एकच बांध. विहिरीचं रान तेवढं सासूनं स्वतःच्या नावावर ठेवलं. सासूला आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. त्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं. त्या रानात मी लग्न होऊन आल्यापासून राबलेली. भाजी लावली, ऊस केला, मोटार जळाली तेव्हा कळशीनं पाणी घातलं. आमचे हे एसटीवर ड्रायव्हर, आठवड्यातून दोनदा घरी. रान, गुरं, तीन लेकरं सगळं माझ्या अंगावर. ते एक पाण्याचं रान हातात आलं तर लेकरांना शिकायला बाहेर ठेवता येईल, एवढाच माझा हिशोब. त्या वर्षी आत्याबाईंचे गुडघे गेले. त्यांनी जाहीर केलं की जिचं सोयाबीन चांगलं येईल तिला महालक्ष्म्यांपुढं विहिरीचं रान देणार, आणि मग आपण जप करत बसणार.

मी त्या वर्षी जीव तोडून राबले. आणि रोज बांधावरून तिच्या रानाकडं बघितलं. लेकरांकडं नसेल बघितलं एवढं.

श्रावणाच्या तोंडाला सोयाबीन फुलावर आलं. सोयाबीनचं फूल म्हणजे काय, नखाएवढं जांभळं, पानाच्या बगलेत दडलेलं. बांधावरून दिसतसुद्धा नाही. आणि आत्याबाईंचा कडक नियम होता, फुलात पाय नको. पीक फुलावर आलं की बाईमाणसानं रानात शिरायचं नाही, फवारा मारायचा नाही, फूल लाजतं आणि झडतं. त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं, त्यांनी आम्हाला. मला चैन पडेना. तिचं रान माझ्यापेक्षा काळंभोर दिसत होतं, तर माझ्यात फूल तरी किती आहे ते बघावं म्हणून एका सकाळी मी आत शिरले. पानं वर करून बघते तर पाठीची कमान करून चालणाऱ्या हिरव्या अळ्या. उंट अळी. कळ्या कुरतडून खात होत्या.

मी घरी आले, पाठीवर पंप घेतला आणि फवारायला लागले. अर्ध्या रानात आत्याबाई काठी टेकत बांधावर आल्या. मागं पदर घेऊन अयोध्या. आत्याबाईंनी मला जे धुतलं ते शेजारच्या रानातल्या बायका कामं टाकून ऐकत होत्या. मी अवदसा, मी कुणाचं ऐकत नाही, माझ्यामुळं घराचं वाटोळं होणार. मी पंप थांबवला नाही. म्हणलं, "आत्याबाई, फूल लाजून झडतं का ते मला माहीत नाही, पण अळी खाऊन नक्की जाईल." आणि अयोध्याला म्हणलं, "तुझ्यात पण शिरून बघ."

अयोध्यानं आत्याबाईंकडं बघितलं.

"धाकटी नाही जायची," आत्याबाई म्हणाल्या. "ती शहाणी आहे."

नाहीच गेली ती. खाली बघून सासूच्या मागं मागं घरी गेली. त्या दिवशी दुपारी शेतीशाळेचा पुढचा वर्ग होता, फुलावर आल्यावर काय होतं त्याचाच. पण माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी घरात तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले.

पुढं पाऊस चांगला झाला आणि अयोध्याचं रान असं माजलं की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून बघायचा. माझ्यात शेंगा धरल्या आणि तशी पिवळी झाक चढायला लागली. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, मोठीनं फुलं तुडवली, रान रुसलं. मी युरियाचं पोतं आणून टाकलं असतं, पण यांनी हप्ताभर सुट्टी नाही म्हणून कळवलं आणि ते राहून गेलं. अयोध्या मात्र काही बोलायची नाही. मला बघितलं की पदर सारखा करायची आणि कामाला लागायची. तिनं एकदा तरी फुशारकी मारावी असं मला वाटायचं. भांडायला तरी मिळालं असतं.

तर त्या दिवशी मी दोन्ही झाडं धुऊन महालक्ष्म्यांच्या पायाशी ठेवली. ज्येष्ठेपुढं माझं, कनिष्ठेपुढं तिचं. देवीच्यात तरी मोठीचं नाव आधी घेतात म्हणून मी हात जोडून ज्येष्ठेला म्हणलं, बाई, आज तरी माझ्या बाजूनं उभी राहा. गावातल्या बायका हळदीकुंकवाला यायला लागल्या. आली ती आधी कनिष्ठेपुढच्या झाडाला हात लावायची. कुणी माझ्याकडं बघून उगाच विचारायचं, "मुद्रिका, तुझ्यात रोग आला का गं?" मी पुरण वाटत होते. पाटा फुटला नाही एवढंच.

आरती झाली. आत्याबाईंनी सकाळीच विहिरीच्या रानातली मूठभर माती हिरव्या खणात बांधून देवीपुढं ठेवली होती. ती पुरचुंडी त्यांनी उचलली. माझ्या हातात आंबिलीचं पातेलं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, जिनं मोठ्यांचं ऐकलं तिचं रान हिरवं राहिलं, सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. आणि अयोध्याच्या ओटीत ती पुरचुंडी घातली. अयोध्या पाया पडली. मी पातेलं घेऊन आत गेले, कारण माझं तोंड त्या वेळी कुणी बघू नये असं होतं. आत चुलीपाशी उभी राहून मी रडले नाही. मी म्हणलं, आई, तुझी धाकटी इथंही जिंकली बघ.

पंगत बसली तेव्हा बिडवे मॅडम आल्या. आत्याबाईंनीच त्यांना जेवायला सांगितलं होतं. जेवण झाल्यावर त्या महालक्ष्म्यांना कुंकू लावायला वाकल्या आणि पायाशी ठेवलेली झाडं बघून तिथंच खाली बसल्या. मुळं स्वच्छ धुतलेली, गाठी मोत्यासारख्या दिसणाऱ्या. त्यांना मोह आवरला नाही. त्यांनी माझ्या झाडाची गाठ नखानं फोडली. मला वाटलं जमीन दुभंगावी. झाड पिवळं पडलेलं तर सगळ्यांना दिसतच होतं, आता गाठीही सडक्या निघाल्याचं कळणार.

"वा," मॅडम म्हणाल्या. "हे कुणाचं?"

मग आत्याबाई म्हणाल्या, "ते मोठीचं. त्यात काही नाही, ते बिघडलं. हे बघा हे."

मॅडमनी अयोध्याच्या झाडाची गाठ फोडली. लाल. त्यांनी अजून दोन-चार फोडल्या. सगळ्या लाल. त्यांचा चेहरा पडला. एकाच दिवशी पेरलंय का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणलं. मग त्यांनी झाड उचलून उजेडात धरलं आणि एकेक पान वर करून त्याची बगल बघायला लागल्या. बघता बघता त्यांनी अयोध्याला जवळ बोलावलं आणि बोटानं दाखवलं. जिथं जिथं फुलाचा तुरा यायचा तिथं नुसतं कुरतडलेलं बोडखं देठ होतं. मी पण वाकून बघितलं. एकही बगल सुटली नव्हती.

"अळीनं कळ्या आणि फुलं खाल्लीत सगळी," मॅडम म्हणाल्या. "याला आता शेंग येणार नाही."

"पण हिरवं आहे की," आत्याबाई म्हणाल्या.

मॅडम आवाज खाली आणून समजावून सांगायला लागल्या, पण घरात इतकी शांतता होती की स्वैपाकघरापर्यंत ऐकू गेलं. "आजी, हिरवं आहे ते त्याच्यामुळंच. झाड फुलावर येतं तेव्हा या गाठी सगळ्यात जोरात काम करतात. त्यानंतर शेंगा धरल्या की झाड आपलं सगळं खाणं शेंगांकडं वळवतं आणि गाठींचं जेवण तोडतं. उपाशी पडून गाठी मरतात. पानांतलं होतं नव्हतं तेही दाण्यात जातं, म्हणून झाड पिवळं पडतं. या मोठ्या सूनबाईंच्या झाडाचं तसं झालंय, अगदी व्हायला हवं तसं. आणि या झाडात ते खाणं ओढून घेणाऱ्या शेंगाच आल्या नाहीत. म्हणून गाठी अजून जिवंत आहेत, पाला वाढतोय, आणि दाणा नाही."

मी ऐकत होते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. बहिणीचं वर्षाचं पीक गेलं आणि मला आनंद झाला. बायका आता ज्येष्ठेपुढच्या झाडाकडं सरकल्या, शेंगा चाचपायला लागल्या. मी आत्याबाईंकडं बघत उभी राहिले. आता त्या काय करतात ते मला बघायचं होतं.

आत्याबाईंनी काठी पुढं ओढून घेतली.

"देवीपुढं दिलं ते दिलं," त्या म्हणाल्या. "आणि आता तर हिला जास्तच लागणार. हिच्याकडं काही राहिलं नाही. मोठीचं निभतं."

माझ्या हातून तेव्हा काय झालं ते मला नंतर बायकांनी सांगितलं. पळी म्हणे मी जमिनीवर आपटली. बोलले ते मात्र मला शब्दन् शब्द आठवतं. "निभतं म्हणून सगळं हिलाच का? मी फुलात शिरले तर मी अवदसा. पीक वाचवलं तरी मी अवदसाच. हिनं बुडवलं तरी ही शहाणी. आईच्या घरी पण हेच, इथं पण हेच. मी खत घालायचं आणि सगळं खाणं धाकटीकडं. माझं जेवण कधी तोडलंत ते एकदा सांगा तरी मला."

मॅडम खाली बघायला लागल्या. कुणीतरी माझा हात धरला, मी झटकला. आत्याबाई मागं हटणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि मीही नव्हते.

तेव्हा अयोध्या उठली. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिनं ओटीतली पुरचुंडी काढली, माझ्यापुढं आली, माझा पदर स्वतःच्या हातानं पसरला आणि त्यात ठेवली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात म्हणून मी फुलात गेले नाही. अक्कानं सांगितलं होतं, तरी गेले नाही. विहिरीच्या रानातही मी तुमचंच ऐकणार, आणि तेही बुडवणार. ते अक्काला द्या. ती तुमचं ऐकत नाही."

आत्याबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग एकदम खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. माझ्याकडं बोट करून मॅडमना म्हणाल्या, "खरं आहे. बारा गावची भांडखोर आहे ही. हिलाच जमेल." बस्स. तेवढ्यावर रान माझं झालं.

मी त्या क्षणी जिंकले होते. माझी पुरचुंडी माझ्या पदरात होती. आणि चारही बाजूंनी बायका अयोध्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. काय मन म्हणावं. स्वतःचं पीक गेलेलं असताना बहिणीला देऊन टाकलं. असली धाकटी मिळायला भाग्य लागतं. माझ्याकडं बघून एक जण म्हणालीसुद्धा, "मुद्रिका, आता तरी हिला जीव लाव." म्हणजे बघा. अळी मी मारली, शेंगा मी धरवल्या, रान मी मिळवलं, आणि आरती पुन्हा तिचीच.

संध्याकाळी भांडी घासताना मी तिला गाठलं. म्हणलं, कशाला असलं सगळ्यांच्या देखत केलंस, आता जन्मभर मला ऐकावं लागणार.

ती राख लावून कढई घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तू त्या दिवशी पंप घेऊन फुलात शिरलीस ना अक्का, तेव्हा मी बांधावर होते. तुला शिव्या बसत होत्या आणि तू फवारत होतीस. मला इतकं जळायला झालं तुझ्यावर. मला पण शिरायचं होतं. पाय उचलतच नव्हता."

जळायचं म्हणजे माझं काम. ते तिच्याकडं पण आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी नुसती तिच्या हातातली कढई घेतली आणि विसळायला लागले.

त्या दसऱ्याला माझ्या पिवळ्या रानातून भरघोस सोयाबीन निघालं. तिच्या हिरव्या रानात आम्ही दोघींनी गुरं सोडली. पुढच्या वर्षी फुलाच्या दिवसांत ती माझ्या आधी रानात शिरली, आत्याबाई ओट्यावरून ओरडत असताना. माझी लेकरं त्या विहिरीच्या पाण्यावर शिकली, मोठी नर्स झाली, दोघं पुण्यात आहेत. आत्याबाई जाऊनही बरीच वर्षं झाली.

परवा हरभऱ्याच्या पेरणीला नवीन ट्रॅक्टरवाला आला. गावातलाच पोरगा, माझ्या घरी चहा प्यायला, कुठलं रान पेरायचं ते विचारलं. मी म्हणलं, विहिरीचं.

"कोणतं?" तो म्हणाला. "अयोध्याकाकूंनी दिलेलं ते का?"

घरात गेले, बियाण्याची पाटी उचलली आणि बाहेर येऊन त्याला म्हणलं, "हो बाबा. तेच."